वसंतसेनेने तक्रार कुठे करायची?

उज्जैन म्हटले की आपल्याला काय आठवते? महाकाळ आठवतो, क्षिप्रेचे घाट आठवतात, मेघाला मुद्दाम वाट वाकडी करून उज्जयिनीला जायला सांगणारा कालिदास आठवतो. इतिहासाची आवड असलेल्याला हेही आठवते की महाकाळाच्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला. हे रामचंद्रबाबा शेणवी, म्हणजे आपल्याच कोकणपट्टीतले. तेव्हा उज्जैनबद्दल बोलायचा गोवेकराला थोडासा हक्क आहे असे समजून पुढचे लिहितो.

आणि नाटकवेड्या गोवेकराला आणखी एक गोष्ट आठवते : ‘मृच्छकटिक’. शूद्रकाचे मूळ संस्कृत नाटक, देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी संगीत रंगभूमीवर आणले आणि देवळांच्या उत्सवांतून नाटके करणाऱ्या आपल्या गोव्याने ते आपलेच मानले. पण त्या नाटकातली पदे आपण गुणगुणतो तेव्हा त्यातली गोष्ट काय आहे इकडे आपले लक्ष असते का? प्रेमकथा म्हणून आपण ती पाहतो. जरा दुसऱ्या बाजूने पाहा.

वसंतसेना गणिका आहे. स्वतःच्या कलेवर आणि कमाईवर जगणारी बाई. संध्याकाळी ती रस्त्याने जात असताना शकार तिच्या मागे लागतो. शकार कोण? राजाचा मेहुणा. अंगात गुण नाही, डोक्यात विद्या नाही, पण पाठीशी सत्ता आहे. त्याच्याबरोबरचा विट सुसंस्कृत माणूस, आणि तो तिला जे ऐकवतो ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, बाई, तुझा व्यवसायच असा आहे, वाटेवरच्या वेलीसारखा, तुला आवडता-नावडता असा भेद करून कसे चालेल? पुढे ती नकारावर ठाम राहते म्हणून शकार बागेत तिचा गळा दाबतो, मेली समजून पाल्याखाली झाकतो, आणि आळ घालतो चारुदत्तावर. न्यायाधीश आज तुमचे प्रकरण ऐकायला वेळ नाही म्हणतो, तर शकार धमकी देतो की राजाला सांगून तुला काढून टाकीन आणि दुसरा न्यायाधीश बसवीन. सुनावणी लगेच सुरू होते!

सत्ता, पाठलाग, ‘तुझा धंदाच तसा’ हा युक्तिवाद, दडपलेला न्यायाधीश. दीड-एक हजार वर्षांपूर्वीच्या नाटकात हे सगळे आहे. आणि आपण म्हणतो की कामाच्या जागी बाईचा छळ ही आधुनिक काळाची, ऑफिस-संस्कृतीची देणगी आहे!

आता उज्जयिनीतून उज्जैनला येऊ. सप्टेंबर २०२४च्या पहिल्या आठवड्यात या शहरात कोयला फाटक या गजबजलेल्या भागात दिवसाउजेडी पदपथावर एका बाईवर बलात्कार झाला. बाई कचरा-भंगार वेचून पोट भरणारी. रस्त्यावर वर्दळ होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काय केले? कुणी मोबाइल काढला आणि चित्रीकरण केले. ती चित्रफीत देशभर फिरली. पोलिसांनी आरोपीला पकडले, चित्रीकरण केल्याबद्दलही अटक झाली. दोन-चार दिवस राजकीय पक्षांनी एकमेकांवर चिखलफेक केली, मग गणपती आले आणि विषय संपला.

शूद्रकाच्या नाटकात शकार आपल्या चेटाला, म्हणजे गुलामाला, वसंतसेनेचा जीव घ्यायला सांगतो. चेट मार खातो पण नाही म्हणतो. शकार त्याला बेड्या घालून माडीवर कोंडतो. चारुदत्ताला वधस्थानाकडे नेत आहेत हे कळल्यावर हा गुलाम बेड्यांसकट माडीवरून खाली उडी टाकतो आणि खरे काय ते ओरडून सांगतो. साक्षीदार कसा असावा हे शूद्रकाने एका गुलामाच्या तोंडून शिकवले. त्याच नगरीतल्या आजच्या स्वतंत्र नागरिकाने खिशातून मोबाइल काढला. यावर मी अधिक काय बोलू!

कुणी म्हणेल, अहो, हा सरळ बलात्काराचा गुन्हा आहे, पोलीस आणि न्यायालय बघून घेतील. यात ‘कामाच्या जागी स्त्रियांची सुरक्षितता’ हा विषय कुठून आणलात? माझा वाद नेमका इथेच आहे. ज्या बाईचे काम रस्त्यावर आहे तिची कामाची जागा कुठली? रस्ताच ना? पहाटेपासून ती ज्या उकिरड्यावर, ज्या दारूच्या दुकानामागे, ज्या भंगारवाल्याच्या काट्यापुढे उभी असते ते तिचे ऑफिस. तिथे तिला रोज कुणी काय बोलतो, कुणी हात कुठे लावतो, कुणी माल तोलताना काय मागतो, याची नोंद कुठल्या रजिस्टरात होते? गुन्हा घडून चित्रफीत फिरली की पोलीस येतात. त्याच्या आधीच्या शंभर दिवसांचे काय?

आणि गंमत, खरे तर विटंबना, अशी की या देशातला हा सगळा कायदा जन्माला आला तोच मुळी ऑफिस नसलेल्या बाईमुळे. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी कुंभार समाजातली. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून मानधनावर काम करायची. खुर्ची नाही, टेबल नाही, गावच्या गल्ल्या आणि शेतांचे बांध हीच तिची कामाची जागा. बालविवाह थांबवायला सरकारने सांगितले, तिने एका तान्ह्या मुलीचा विवाह थांबवायचा प्रयत्न केला, आणि २२ सप्टेंबर १९९२ रोजी गावातल्या बड्या जातीच्या माणसांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केल्याची तिची तक्रार आहे. १९९५ साली सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडले. तिची मालकीण होती सरकार, पण सरकार म्हणे, हिच्या सुरक्षिततेची जबाबदारी आमची कशी?

या प्रश्नावरच महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा मध्य प्रदेशातल्या सतन्याचे. त्यांच्यासोबत मुंबईच्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल. न्यायालयाने सांगितले, संसद कायदा करीपर्यंत ही मार्गदर्शक तत्त्वे म्हणजेच कायदा. संसदेला तो कायदा करायला सोळा वर्षे लागली! मधल्या काळात ही तत्त्वे कागदावरच आहेत असे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा पुन्हा सांगत राहिली ती आपली एक मराठी बाई, पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात २००४ साली एक आदेश आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी निकाल आला. शेवटी २०१३ साली कायदा झाला आणि ९ डिसेंबर २०१३पासून लागू झाला. मेधाताईंचे नाव आपल्या किती जणांना ठाऊक आहे? नसेल, तर तो दोष कुणाचा?

कायदा वाईट नाही. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी, निम्म्या तरी बायका हव्यात, आणि एक सदस्य बाहेरचा हवा, मालकाच्या ताटाखालचे मांजर नसलेला. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना बाईला रजा मागता येते, बदली मागता येते, किंवा समोरच्याची बदली मागता येते. समिती नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड. सगळे छान.

पण या छान कायद्याचे प्रत्यक्षात काय होते ते जुन्या मराठी संस्थानांच्या मुलखातच पाहू या. शिंद्यांचे ग्वाल्हेर, होळकरांचे इंदूर आणि हे उज्जैन.

ग्वाल्हेरची गोष्ट एका न्यायाधीश बाईची. अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश. तिने उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींविरुद्ध तक्रार केली. मुलगी बारावीला असताना, वर्षाच्या मधेच तिची बदली सीधीला झाली, विनंत्या फेटाळल्या गेल्या आणि २०१४ साली तिने राजीनामा दिला. छळाचे आरोप चौकशी समितीपुढे सिद्ध झाले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ती बदली नियमांना धरून नव्हती आणि तो राजीनामा स्वखुशीचा म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२२ रोजी ठरवले आणि तिला पुन्हा सेवेत घेतले. कायदा शिकलेली, कायदा राबवणारी बाई, तिलासुद्धा आठ वर्षे!

इंदूरची गोष्ट पंजाब अँड सिंध बँकेतल्या अधिकारी बाईची. शाखेत दारूच्या ठेकेदारांच्या खात्यांमध्ये गैरव्यवहार आहेत असे तिने वारंवार लिहिले, वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. मिळाले काय? डिसेंबर २०१७मध्ये जबलपूर जिल्ह्यातल्या सरसवा नावाच्या गावी बदली. ती चौथ्या श्रेणीची अधिकारी आणि शाखा पहिल्या श्रेणीची! आणि समितीवर ‘स्वतंत्र’ म्हणून घेतलेली सदस्य होती बँकेच्याच पॅनेलवरची वकील. उच्च न्यायालयाने बदली रद्द केली, आणि २५ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम करून बाईला इंदूरला परत नेमायला सांगितले, वर बँकेला पन्नास हजार खर्च लावला.

न्यायाधीशाकडे कायद्याचे ज्ञान होते, बँक अधिकाऱ्याकडे पगार आणि वकील होते. दोघींनी वर्षानुवर्षे झुंजून काहीतरी पदरात पाडून घेतले. आता उज्जैनची ती कचरा वेचणारी बाई. तिच्याकडे काय आहे?

कायदा म्हणतो, आहे. हे फार कमी जणांना माहीत असते म्हणून सविस्तर सांगतो. जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, जिथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, जिथे बाई दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करते, तिथल्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असायलाच हवी. स्वतःच्या हिमतीवर माल विकणारे, सेवा देणारे असे असंघटित क्षेत्रही कायद्याच्या व्याख्येत आहे. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्यासारख्या अधिकाऱ्याला जिल्हा अधिकारी म्हणून नेमायचे, त्याने समिती बसवायची, प्रत्येक तालुक्यात आणि शहराच्या प्रभागात एक संपर्क अधिकारी नेमायचा, आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पोचवायची. म्हणजे भंवरीदेवीला आणि वसंतसेनेला हा कायदा विसरलेला नाही. विसरले आहेत ते राबवणारे. कायदा लागू होऊन अकरा वर्षे होत आल्यावर, ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना तारखा घालून द्याव्या लागल्या : ३१ डिसेंबरपर्यंत जिल्हा अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५पर्यंत स्थानिक समित्या बसवा. जे २०१३ साली व्हायला हवे होते त्यासाठी २०२४ साली तारीख पे तारीख!

आणि ज्या खटल्यात हा आदेश आला तो खटला कुठला? मंडळी, तो आपल्या गोव्याचा. उज्जैनकडे बोट दाखवून ‘ते तिकडचे लोक तसलेच’ म्हणायची सवय असलेल्यांनी इथे जरा थांबावे. गोवा विद्यापीठात विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, प्राध्यापकाला बडतर्फ केले गेले, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०१२ साली ते उचलून धरले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. का? तो निर्दोष आहे म्हणून नव्हे. समितीने चौकशी अशा घाईने उरकली की त्याला आपली बाजू मांडायला रास्त संधीच मिळाली नाही, म्हणून. प्रकरण पुन्हा समितीकडे. म्हणजे चौदा वर्षांनी त्या मुलींच्या हाती काय? शून्य. आणि त्या प्राध्यापकाच्या हाती तरी काय? दोषी की निर्दोष याचा धड निकालही नाही.

‘हा कायदा पुरुषांना अडकवायचे हत्यार आहे’ असे पारावर बसून सांगणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. ह्या प्रकरणात पुरुषाला कुणी अडकवले, कायद्याने की बेफिकीर समितीने? नीट शिकवलेली, नियमाने चालणारी समिती ही बाईची गरज आहे तितकीच आरोप झालेल्या पुरुषाचीही आहे. कायद्यात जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षाही आहे. फक्त, पुरावा अपुरा पडला म्हणजे तक्रार खोटी असे धरता येत नाही, एवढेच त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यात गैर काय?

याच निकालात न्यायालयाने एका वृत्तपत्राचा दाखला दिला होता : देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी समितीच नेमलेली नव्हती. देशाच्या झेंड्यासाठी खेळणाऱ्या मुलींची ही स्थिती, तर देवळासमोर अबोलीच्या फाती घेऊन बसणाऱ्या बाईला कोण विचारतो?

आता जरा आपल्या सांस्कृतिक क्षेत्राकडे वळू, कारण तिथे आपण स्वतःला फार सोवळे समजतो. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये सांगितले की चित्रपटाचे प्रत्येक निर्मिती-एकक ही कामाची जागा आहे, तिथे समिती हवी. ऑगस्ट २०२४मध्ये हेमा समितीचा अहवाल बाहेर आला आणि मल्याळी चित्रसृष्टीतल्या बायकांना काय सोसावे लागते ते जगाला कळले. आपल्या नाटक मंडळींचे काय? तालमी, दौरे, रात्री-अपरात्रीचे परतीचे प्रवास, जत्रांतले प्रयोग. दहाहून अधिक माणसे कामाला असलेल्या किती नाट्यसंस्थांकडे, किती संगीत विद्यालयांकडे, किती देवस्थानांच्या कार्यालयांकडे ही समिती आहे? वसंतसेनेची भूमिका करणाऱ्या मुलीने कुणाकडे तक्रार करायची, याचे उत्तर ‘मृच्छकटिका’वर टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापाशी नाही. आणि कलावंतिणींच्या घराण्यांतून आलेल्या गायिकांच्या नावाने आपण आज महोत्सव भरवतो. त्यांच्या आज्या-पणज्यांना विटाचा तोच युक्तिवाद, ‘तुमचा धंदाच तसा’, याच भूमीत ऐकवला गेला होता. आज तो युक्तिवाद किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये ताटे उचलणाऱ्या आणि कॅसिनोत रात्रपाळी करणाऱ्या मुलींना ऐकवला जातो. माणसे बदलली, विट तोच आहे.

रस्त्यावर काम करणाऱ्या बाईला संरक्षण देणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावे. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पाठबळाने तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांची ही संघटना. महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ऐकायला किती साधे! पण ओळखपत्र गळ्यात आले की ती बाई चोर-भिकारी राहत नाही, ती कामगार होते. तिला हटकणाऱ्या पोलिसाला, तिची छेड काढणाऱ्या पुरुषाला कळते की हिच्या मागे हजारो जणी आहेत. उज्जैनमध्ये २०२८ साली सिंहस्थ भरायचा आहे. कोट्यवधी लोक येतील, त्यांचा कचरा उचलायला, शौचालये धुवायला, अन्नछत्रांत पोळ्या लाटायला हजारो बायका लागतील. घाटांचे आणि पुलांचे आराखडे होतील. या बायकांना ओळखपत्र, रात्री झोपायला सुरक्षित जागा आणि तक्रारीसाठी एक माणूस, हे आराखड्यात असेल का?

आपण गोव्यात बसून उज्जैनचा आराखडा बदलू शकत नाही. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. तुम्ही जिथे नोकरी करता तिथल्या अंतर्गत समितीची नावे भिंतीवर लावलेली आहेत का बघा. ती ठळक जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या नाट्यसंस्थेत, देवस्थान समितीत, पतसंस्थेत हा विषय पुढच्या सभेत लेखी मांडा. माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांना विचारा : स्थानिक समितीचे सदस्य कोण, तालुक्याचा संपर्क अधिकारी कोण, गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, असंघटित बायकांच्या किती होत्या? आलेले उत्तर वर्तमानपत्राला द्या. मासळी बाजारात आणि बसस्थानकावर त्या समितीचा पत्ता मराठीत, कोकणीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लावा अशी नगरपालिकेकडे मागणी करा. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईलाही तो पत्ता सांगा, तुमच्याविरुद्ध वापरायचा असला तरी.

आणि रस्त्यात कधी तशी वेळ आलीच, तर हात खिशातल्या मोबाइलकडे जाईल. जाऊ द्या, पण ११२ लावायला. मग तिथेच थांबा, आणि पोलीस आले की साक्ष द्या. शूद्रकाच्या चेटाने बेड्यांसकट तेवढे केले होते.